ज्वारीची बिस्किटं 'लो-कार्ब' कधीपासून झाली?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तीस वर्षं तरी झाली असतील तुमचा पेपर आमच्याकडे येतोय, पण पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. आता आली. मोबाईलवर टाईप करतेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही खाऱ्या बिस्किटांची कृती छापलीत. वर मोठ्या अक्षरात "लो-कार्ब आणि ग्लुटेन-फ्री, शुगरवाल्यांना आणि गहू न चालणाऱ्यांना एकदम बिनधास्त". साहित्य काय, तर दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी नाचणीचं पीठ, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर, तेल, ओवा, मीठ आणि चिमूटभर हिंग. फोटो झकास होता, खोटं कशाला बोलू. आमच्या ह्यांनी तर कात्रण कापून फ्रीजवर चिकटवलं आणि म्हणाले, बघ, पेपरात आलंय, आता तरी खाऊ देशील ना.

ह्यांना चौदा वर्षं झाली शुगर आहे. आणि माझी नात, पुण्याच्या लेकाची मुलगी, आठ वर्षांची, तिला दोन वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं चिकट प्रोटीन तिला सोसत नाही, गहू, जव हे आयुष्यभर बंद, कणभरसुद्धा नाही. मे महिन्यात ती आमच्याकडे सोलापूरला येते, महिनाभर राहते. म्हणजे एकाच घरात एकाला साखर-भात नको आणि दुसरीला गहू नको. त्यामुळे तुमची कृती वाचून मलापण वाटलं की चला, एका दगडात दोन पक्षी. त्याच दिवशी दुपारी केली. ह्यांनी चहाबरोबर दहा-बारा हाणली, सेफ आहेत म्हणून. दोन तासांनी बोट टोचून बघितलं तर आकडा नेहमीपेक्षा बराच वर, जणू दुपारी दुसऱ्यांदा जेवण झालंय. आणि झालंच होतं की हो, तेच सांगायला हे पत्र लिहितेय.

मी शाळेत गणित शिकवायचे, रिटायर होऊन सहा वर्षं झाली पण खोड जात नाही, म्हणून वही घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्या भारतातल्या पदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात शंभर ग्रॅमला किती कार्ब्स, म्हणजे पोटात ज्याची साखर होते तो पिष्टमय भाग, ते दिलंय, फायबर वेगळं काढून. गव्हाचं पीठ ६४ ग्रॅम, नाचणी जवळपास ६७ आणि ज्वारी ६७ च्याही थोडी वर. परत वाचा साहेब. ज्वारीत गव्हापेक्षा कार्ब्स कमी नाहीत, उलट चिमूटभर जास्तच आहेत. कॉर्नफ्लोर म्हणजे तर नुसता स्टार्चच, त्यात दुसरं काही शोधून सापडायचं नाही. तुमच्या कृतीचा हिशेब माझ्या वाटीनं केला तर सगळ्या घाण्यात मिळून दोनशे तीस-पस्तीस ग्रॅम कार्ब्स होतात, त्याची पन्नास बिस्किटं धरली तर एकात साडेचार-पावणेपाच. दहा खाल्ली की पंचेचाळीसच्या पुढे. आमच्या घरची एक भाकरी साधारण साठ ग्रॅम पिठाची, तिच्यात चाळीसेक ग्रॅम. म्हणजे ह्यांनी चहाबरोबर एक अख्खी भाकरी आणि वर थोडी खाल्ली, फक्त ती कुरकुरीत होती म्हणून जेवण वाटली नाही एवढंच.

आता कुणी म्हणेल ही बाई ज्वारीच्या वाईटावर आहे. मी सोलापूरची आहे हो, मंगळवेढ्याच्या मालदांडीवर वाढलेली, माझ्यासमोर ज्वारीला कुणी नाव ठेवून दाखवावं. आमची कडक भाकरी हीच मुळात ग्लुटेन-फ्री बिस्किट आहे, पातळ थापायची, भाजून कडक वाळवायची, डब्यात पंधरा-पंधरा दिवस टिकते, आणि ती करणाऱ्या बायकांनी ग्लुटेन हा शब्द जन्मात ऐकलेला नसतो. ज्वारीत फायबर आहे, लोह आहे, मैद्याच्या बिस्किटापेक्षा ती कधीही चांगलीच. पण चांगली असणं वेगळं आणि लो-कार्ब असणं वेगळं. २०२३ साली भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, सरकारनं 'श्री अन्न' नाव दिलं, तेव्हापासून सगळ्यांनी एकच सुरू केलंय, भरड धान्य आहे ना, मग शुगरवाल्यांनी कितीही खा. कितीही नाही. मोजून.

हे दोन शब्द, लो-कार्ब आणि ग्लुटेन-फ्री, जिथंतिथं जोडीनं फिरतात, जुळ्या भावंडांसारखे, आणि लोकांना वाटतं एक असला की दुसरा आलाच. घरातलंच उदाहरण घ्या. आपले उपवासाचे पदार्थ, साबुदाणा, वरई, राजगिरा, बटाटा, ह्यात ग्लुटेनचं नावही नाही. नातीला एकादशीला काय द्यायचं हा प्रश्नच पडत नाही, उलट ती म्हणते आजी रोज उपवास का नाही करत. पण तोच साबुदाणा शुगरवाल्यांनी खाल्ला तर? शंभर ग्रॅम कच्च्या साबुदाण्यात पंच्याऐंशीच्या वर कार्ब्स असतात. आणि उलट बाजूनं, गव्हातलं नुसतं ग्लुटेन काढून विकतात, त्याच्या पावडरीपासून परदेशात शुगरवाल्यांसाठी लो-कार्ब ब्रेड करतात, कार्ब्स अगदी कमी, आणि माझ्या नातीसाठी ते निव्वळ विष. म्हणजे एक असला की दुसरा नसतोच असंही होऊ शकतं.

गंमत म्हणजे ही चूक तुमचीच नाही, शंभर वर्षं जुनी आहे. नातीचं निघालं तेव्हा रात्र रात्र झोप लागायची नाही, मोबाईलवर वाचत बसायचे, तेव्हा कळलं. न्यूयॉर्कला डॉ. सिडनी हास म्हणून होते, त्यांनी १९२४ साली सिलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांवर ठेवायची पद्धत लिहिली, ब्रेड, बिस्किटं, बटाटे, धान्य सगळं बंद आणि केळी भरपूर. मुलं सुधारायची. मग सगळ्यांना वाटलं की पिष्टमय पदार्थ ह्या मुलांना सोसत नाहीत आणि केळ्यात काहीतरी जादू आहे. खरं कारण हे की ब्रेड बंद झाला म्हणजे गहू बंद झाला, बस. पण ते माहीत नसल्यानं मूल बरं झालं की परत ब्रेड सुरू, आणि मूल परत आजारी. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके ह्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता, मग दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे अन्नाची टंचाई झाली, ब्रेड मिळेना, आणि ब्रेड नसताना ही मुलं बरी राहिली, ब्रेड आल्यावर परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात ते सगळं मांडलं. म्हणजे तेव्हा डॉक्टर लोकांनी कार्ब्स आणि ग्लुटेन ह्यात गल्लत केली त्याची किंमत लेकरांनी मोजली. त्यांना तर माहीतच नव्हतं बिचाऱ्यांना. आपल्याला माहीत आहे ना.

आता ग्लुटेन-फ्रीकडे येते, कारण तुमची कृती तिथंही घसरलीय. तो चिमूटभर हिंग. आपण जी पिवळी हिंगपूड डबीतून आणतो तो बांधानी हिंग, शुद्ध हिंग फार तिखट वासाचा म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधतात, आणि ते पीठ बऱ्याच वेळा मैदा नाहीतर गव्हाचं असतं. डबी फिरवून बारीक अक्षरं वाचा, भिंग लागेल, पण लिहिलेलं असतं. काही तांदळाच्या पिठात बांधलेलेही मिळतात, ते चालतात, नाहीतर पीठ न मिसळलेला शुद्ध खडा हिंग आणून घरी कुटायचा. मला हे कळायला सात महिने लागले. नातीची चपाती बंद, बिस्किट बंद, केक बंद, डॉक्टर म्हणतायत रिपोर्ट अजून खाली का येत नाहीत, आणि ती इथं आली की मी रोज वरणाला हौसेनं हिंगाची फोडणी घालतेय. त्या दिवशी मी डबी हातात घेऊन ओट्याशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

आणि हिंगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गिरणी. तुम्ही लिहिलंत "ज्वारीचं ताजं पीठ दळून आणा". कुठून दळून आणा? कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण झालेलं असतं, जात्यात गहू शिल्लक, पाईपात शिल्लक, कापडी नळीत शिल्लक, आणि आपल्या ज्वारीची पहिली किलोभर तरी त्याच्यासकट डब्यात येते. नेहमीच्या माणसाला काय फरक पडतो, पण आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं. गव्हाच्या पिठात साधारण आठ-दहा टक्के ग्लुटेन धरा आणि हिशेब करा, किलोभर ज्वारीच्या पिठात एक चिमूट मैदा पडला तरी ती हद्द ओलांडली. चिमूट हो, चमचा नाही. म्हणून आम्ही शेवटी घरघंटी घेतली, त्यात गहू कधी जात नाही, ह्यांची चपातीची कणीक वेगळी गिरणीवरनं येते आणि वेगळ्या कपाटात राहते. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या खाचेत पण पीठ बसतं म्हणून नातीचं लाटणं वेगळं, त्याला लाल दोरा बांधलाय. शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या, रवा तर चालतो ना हो तिला, थोडा रवा घातला की बिस्किट खुसखुशीत होतं. वहिनी, रवा म्हणजे गहूच की. त्यांना अजून पटलेलं नाही, त्यांच्या मते रवा म्हणजे रवा.

बरं, नुसतं तुमचं चुकलं म्हणून थांबले तर आमचे हे म्हणतील दुसऱ्यांच्या चुका काढायची शाळेतली सवय गेली नाही. म्हणून मी काय करते ते सांगते, दोन्ही गोष्टी खरोखर एकत्र कशा जमवायच्या. जमतात, पण धान्य सोडावं लागतं. धान्य कुठलंही घ्या, ज्वारी, नाचणी, बाजरी, तांदूळ, मका, सगळ्यात पाऊण भागाच्या आसपास किंवा थोडा कमी स्टार्चच. बेसनात कमी असतो पण तेही लो-कार्ब म्हणावं इतकं कमी नाही, मधलं आहे. खरे लो-कार्ब म्हणजे तेलबिया आणि सुकामेवा, बदाम, तीळ, जवस, शेंगदाणे, कारळे, खोबरं. ह्यात तेल आणि प्रोटीन जास्त, स्टार्च थोडा.

आणि बिस्किटाचं एक बरं असतं, त्याला ग्लुटेनची गरजच फारशी नसते. मैदा पाण्यात मळला की ग्लुटेनची जाळी तयार होते, म्हणून कणीक ताणली जाते, पाव फुगतो. पण बिस्किट ताणलं जायला नकोच असतं, तुटायलाच हवं, म्हणून तर नानकटाईत पाणी घालत नाहीत, मैदा तुपात चोळतात म्हणजे जाळी धरत नाही. आमच्या लहानपणी सुट्टीत डब्यात मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचो, भट्टीवाला मळून, भाजून द्यायचा, घरी येईपर्यंत वरचा थर संपलेला असायचा. तर सांगायचं हे की ज्यांना गव्हाशिवाय भाजायला शिकायचंय त्यांनी पावाच्या मागे लागू नये, पाव करायला जाल तर वीट होईल, मी दोन केल्यात, एक अजून गॅलरीत कुंडीखाली आहे असं ह्यांचं म्हणणं. बिस्किटापासून सुरुवात करा.

बदामाची अशी करते. दीडशे ग्रॅम बदाम सालासकट, फ्रीजमधे गार करून मिक्सरला, पण सलग फिरवायचं नाही, थांबून थांबून झटके द्यायचे, नाहीतर तेल सुटून गोळा होतो, माझा पहिल्यांदा झाला, मग तो बदामाचं लोणी म्हणून नातीनं चाटून संपवला. चाळून घ्यायचं, वर राहिलेला चुरा परत फिरवायचा. त्यात तीन मोठे चमचे तीळ, दोन मोठे चमचे जवसाची ताजी पूड, जवस आधी दळून ठेवू नका, पंधरा दिवसात खवट होतो आणि मग सगळ्या बिस्किटांना रंगाच्या डब्याचा वास लागतो. पाऊण चमचा मीठ, जिरं, ओवा, भरडलेलं मिरं, कसुरी मेथी, जे आवडेल ते. एक चमचा इसबगोल. आणि एक अंडं, आणि लागलंच तर चमचाभर तूप.

इसबगोल हे ह्यातलं खरं गुपित. मेडिकलमधे पोट साफ होण्यासाठी मिळतो तोच, गुजरातेत उंझ्याच्या बाजारातून येतो, आपलं जिरंपण तिथलंच. हा पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो, जे काम ग्लुटेन करायचं ते थोडंफार हा करतो, आणि तो जवळपास सगळा फायबर त्यामुळे कार्ब्सची भर पडत नाही. अंडं चालत नसेल, आमच्याकडे सोमवारी चालत नाही, तर इसबगोल दोन चमचे आणि तीन-चार चमचे कोमट पाणी घालायचं. पण घातल्यावर दहा मिनिटं गप्प बसायचं. पहिल्यांदा पीठ सैल वाटतं म्हणून लोक अजून बदाम घालतात, मग दहा मिनिटांनी ते दगड होतं. एखाद्या कंपनीच्या इसबगोलानं पीठ जांभळट करडं दिसतं, घाबरू नका, खराब झालेलं नसतं, दिसायलाच तेवढं विचित्र.

हे पीठ पोळपाटावर लाटलं जाणार नाही, तो नाद सोडा, चिरा पडतात. दोन बटर पेपरच्या मधे गोळा ठेवून वरनं लाटायचं, दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे आपल्या जाड चपातीएवढं, सगळीकडे सारखं. वरचा कागद काढायचा, शंकरपाळ्याच्या कातण्यानं चौकोन पाडायचे पण वेगळे करायचे नाहीत, काट्यानं टोचे मारायचे, आणि खालच्या कागदासकट ट्रेवर. ओव्हन १६० ला, त्याच्या वर नको, बदाम मैद्यापेक्षा फार लवकर लाल होतो आणि लाल झाला की कडवट. वीसेक मिनिटं. कुरकुरीत झाली का म्हणून गरम असताना दाबून बघू नका, गरम असताना मऊच लागतात, मग आपण अजून पाच मिनिटं ठेवतो आणि कोळसा करतो. ओव्हन बंद करून दार बोटभर उघडं ठेवून आतच गार होऊ द्यायची, कडकपणा तिथंच येतो.

ओव्हन नसला तरी अडत नाही. मी पहिलं वर्ष जाड कढईत केली, तळाला वाटीभर मीठ पसरायचं, वर छोटं स्टँड, झाकण घट्ट, दहा मिनिटं तापू द्यायचं आणि मग ताटली आत, अगदी मंद आचेवर. पण एका वेळी दहा-बाराच होतात आणि सोलापुरातल्या मे महिन्यात गॅसपुढे तासभर उभं राहायचं म्हणजे आपणच भाजून निघतो, म्हणून रात्री नऊनंतर करायचे.

ह्या बदामाच्या घाण्यात चाळीस बिस्किटं होतात आणि मोजून धरलं तरी एकात अर्धा ग्रॅमसुद्धा कार्ब्स नाहीत, फायबर सोडून. तुमच्या कृतीतल्या एकात साडेचार होते. ह्यांनी दहा खाल्ली तरी मी काही बोलत नाही. म्हणजे बोलते, कारण बदामात निम्मं तेल असतं, कॅलरी कुठं पळून जात नाहीत, पण शुगरच्या नावानं बोलत नाही.

आता खर्चाचं. बदाम परवडत नाहीत, सरळ आहे. आमच्या वाण्याकडे बदाम शेंगदाण्याच्या पाच-सहा पट भावानं आहेत, पेन्शनवर रोज बदामाची बिस्किटं कोण करणार. दुकानातनं एकदा तयार ग्लुटेन-फ्री खारी बिस्किटं आणली होती, नाव लिहीत नाही, पाकिटावर हिरवी पानं आणि हार्ट काढलेलं, मागे वाचलं तर तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका स्टार्च, साखर. टॅपिओका म्हणजे साबुदाणा ज्याचा होतो तेच. नातीला चाललं, ह्यांच्या हातनं मी काढून घेतलं. म्हणून मग डोकं चालवलं की आपल्या सोलापुरात शेंगाचटणी होते ती काय आहे? शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. तिचंच बिस्किट का करू नये.

दोनशे ग्रॅम शेंगदाणे, हलके भाजायचे, सालं निघतील एवढेच, पूर्ण भाजले तर ओव्हनमधे करपतात. सोलून पूर्ण गार करायचे आणि थांबून थांबून बारीक कूट. पन्नास ग्रॅम तीळ, अर्धे तसेच अर्धे कुटून, दोन चमचे जवस, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या ठेचून, तिखट, मीठ, जिरं. मोठा चमचाभर इसबगोल आणि पाच-सहा चमचे पाणी, तेल-तूप अजिबात नाही, शेंगदाण्याचंच सुटतं. पहिल्या घाण्याला मी बदामासारखंच तूप घातलं होतं, ट्रेमधे तळ्यासारखं तेल आणि त्यात पोहणारी बिस्किटं. दुसऱ्याला इसबगोल कमी पडला, उचलली की वाळूसारखी ढासळायची, ती मग आम्ही चुरा करून दह्यात कालवून भाकरीशी खाल्ली, उत्तम लागली. तिसऱ्यांदा जमली. १५० ला पंचवीस मिनिटं, आणि अर्ध्या वेळानं पलटायची. शेंगदाण्यात कार्ब्स बदामापेक्षा जास्त, तक्त्यात शंभराला सतराच्या आसपास दिलेत, तरी पन्नास बिस्किटांत वाटले तर एकाला एक ग्रॅमच्या आतच बसतात. शेंगदाणे मात्र सुटे घेताना बघून घ्या, वाण्याकडे त्याच मापानं रवा मापतात, त्याच हातानं मैदा. मी शेंगा आणून घरी फोडते, नातीला तेवढाच उद्योग. हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस राहतात, मऊ पडली तर १२० ला पाच मिनिटं ठेवली की परत कडक.

ही बिस्किटं गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटात ठेवली, कुणाला सांगितलं नाही काय आहे ते. चकलीच्या आधी संपली. नात सगळ्यांना सांगत होती ही माझी आहेत, पण तुम्ही घेऊ शकता. दोन वर्षांत पहिल्यांदा दुसरे लोक तिच्या डब्यातलं खात होते, नाहीतर नेहमी ती दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत बसलेली असते.

दोन गोष्टी राहिल्या, त्या तुम्ही छापल्यात तर बरं होईल. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि एकदम कार्ब्स कमी केले तर साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, बिस्किट हे काही औषध नाही. आणि कुणाला मुलाच्या बाबतीत गव्हाचा संशय असेल, वजन वाढत नाही, पोट बिघडतं, रक्त कमी आहे, तर आधी रक्ताची तपासणी करून घ्या आणि मग गहू बंद करा. उलटं करू नका. गहू बंद केल्यावर काही आठवड्या-महिन्यांनी ती अँटीबॉडीची टेस्ट नॉर्मल येऊ शकते आणि मग खरं काय ते कळतच नाही. आमच्या ओळखीत एकांनी पेपरात वाचून आधी गहू बंद केला आणि आता टेस्टसाठी त्या लेकराला परत चपात्या खायला घालतायत, रडत खातं ते.

तुमच्याकडे माझं मागणं काही फार मोठं नाही. पुरवणीतल्या कृतीवर लो-कार्ब लिहायचं असेल तर खाली एका नगाला किती ग्रॅम तो आकडा छापा, वजन करून भागायचंय फक्त, चौथीतल्या मुलाला येईल. ग्लुटेन-फ्री लिहायचं असेल तर हिंग, बेकिंग पावडर, ओट्स, दळण ह्यांतून गहू येऊ शकतो असं एक वाक्य टाका. आकडा नसेल आणि वाक्य नसेल तर नुसतं 'ज्वारीची खारी बिस्किटं' म्हणा, तेही नाव काही वाईट नाही, मी आवडीनं करून खाईन, मी धडधाकट आहे. आणि येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच साईझमधे दुरुस्ती छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको, कारण फोटोचं ते कात्रण माझ्याच नाही, बऱ्याच जणांच्या फ्रीजवर लागलेलं असणार.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सोलापूर

ता. क. : कडेची बिस्किटं नेहमी आधी लाल होतात, कारण लाटताना कडा पातळ होते. पंधराव्या मिनिटाला ट्रे बाहेर काढून कडेची उचलून घ्यायची आणि मधली परत आत ढकलायची. हे तुमच्या कृतीतपण नव्हतं.